जिआंगशी चित्रपटांचा ब्लू-रे संच: काही महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः एका उडीच्या आवाजाबद्दल

जिआंगशी म्हणजे चिनी लोककथांतलं उठून उड्या मारणारं प्रेत. त्याच्यावरच्या हाँगकाँगच्या चित्रपटांच्या या संचातली 'मिस्टर व्हँपायर'ची डिस्क शेवटच्या मारामारीच्या ऐन तोंडावर अडकली. त्यावरून विक्रेत्याशी वाद झाला आणि त्या वादातून संचाबद्दलची एक गोष्ट उघडकीला आली. नवीन घेणाऱ्यांना ती माहीत असायलाच हवी. संचात कोणते चित्रपट आहेत, चित्र किती स्वच्छ केलंय, पुस्तिका कशी आहे, हे सगळं इतरांनी लिहिलेलं आहे. चित्र उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आवाजाची आहे, आणि त्यातही उडीच्या आवाजाची.

मेल्यावर अंग ताठरतं, सांधे वळत नाहीत, म्हणून जिआंगशी चालत नाही. हात समोर ताठ धरून, पाय जोडून तो उड्या मारतो. १९८५च्या या चित्रपटाच्या सुरुवातीला अँथनी चॅनचा चष्मेवाला ताओ पुजारी घंटा वाजवत प्रेतांची रांग नेतो. कपाळाला पिवळे मंत्राचे कागद आणि पाठोपाठ उड्या. जुन्या मोनो (एकाच वाहिनीच्या) ट्रॅकवर ती उडी म्हणजे छोटा, कोरडा 'टप्'. घंटा, टप्, घंटा, टप्. आपण हसतो. पुढे युएन वाहने साकारलेलं म्हाताऱ्या यामचं प्रेत शवपेटीतून बाहेर पडल्यावर ऐकू येतो तो मला तसाच 'टप्' वाटतो, फक्त आता घंटा नसते, म्हणजे त्याला आवरणारं कोणी नसतं. मघाशी हसवणाऱ्या आवाजानेच आता पोटात गोळा येतो. भय आणि विनोद एकत्र आणायचे म्हणजे आधी एक मग दुसरं असं आलटून पालटून वाढायचं, असं पुष्कळ दिग्दर्शकांना वाटतं. या चित्रपटाचा दिग्दर्शक रिकी लाउ याने इथे दोन्ही एकाच आवाजात बसवलेत.

नव्या ५.१ (अनेक स्पीकरांच्या) ट्रॅकवर त्या 'टप्'चा घुमणारा 'धूम' झालाय. म्हाताऱ्या यामचं प्रेत उडी मारतं तेव्हा जमीन हादरते. भीती दुप्पट होईल असा हिशेब असावा. प्रत्यक्षात सुरुवातीची रांग आणि हे प्रेत यांचं नातंच तुटतं. जिआंगशी माणसाला श्वासावरून ओळखतो, म्हणून पात्रं श्वास रोखून उभी राहतात. त्या प्रसंगांत शांतता हवी. नव्या ट्रॅकवर तिथे वारा भरलाय.

जुना आवाज तरी कुठे खरा होता, असा प्रश्न कोणी विचारेल. त्या काळात हाँगकाँगमध्ये चित्रीकरण बहुधा आवाजाविना होत असे. संवाद, ठोसे, पावलं, सगळं नंतर भरायचे. म्हणूनच तो 'टप्' अपघाताने आलेला नाही, कोणीतरी ठरवून निवडलेला आहे. तो बदलणं म्हणजे मारामारीतला एखादा हात बदलण्याइतकंच गंभीर आहे.

म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'मूळ मोनो' लावून बघत होतो. तरी काहीतरी खटकत होतं. डिस्क अडकल्यावर बदलून मागितली, तर विक्रेत्याने आधी माझ्या प्लेअरवर ठपका ठेवला. दुसऱ्या प्लेअरवर तीच डिस्क त्याच जागी अडकते हे चित्रीकरण करून पाठवलं, तेव्हा मुदत संपल्याचं कळवलं. मी पिच्छा सोडला नाही. संच पूर्ण किमतीला घेतला होता, सवलतीत नव्हे, आणि दिलेल्या पैशांचा माल मिळाला पाहिजे याबाबतीत मी माघार घेत नाही. अखेर नवी डिस्क आली.

लावली आणि तो 'टप्' ऐकू आला.

माझ्याकडे याच चित्रपटाची जुनी व्हीसीडी आहे. तिन्ही लागोपाठ ऐकल्या. पहिल्या डिस्कवर 'मूळ मोनो' म्हणून जे दिलं होतं, तो नवा ५.१ ट्रॅकच एकत्र दाबून मोनो केलेला होता. दुसऱ्या खेपेच्या, म्हणजे बदलून आलेल्या, डिस्कवर तो खरा आहे. चित्रपटात चिकट तांदूळ हा जिआंगशीच्या विषावरचा उतारा असतो. तांदूळवाला त्यात साधा तांदूळ मिसळून विकतो आणि त्यामुळे मुख्य पुजारी मास्टर काउ यांचा शिष्य मानचोई (रिकी हुई) याच्यावर जिआंगशी व्हायची पाळी येते. हीसुद्धा तशीच भेसळ आहे. सॅमो हंगच्या १९८०च्या 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड'मध्येही अंडीवाला प्रेताला रोखणाऱ्या कोंबडीच्या अंड्यांत बदकाची घुसडतो आणि नायकाच्या जिवावर बेततं. या चित्रपटांना पिशाचाइतकाच लबाड दुकानदार घातक वाटतो, हे मला फार पटतं.

या फेरतपासणीत काही मतं बदलली. पॉलिन वाँगच्या भूतबाईचं उपकथानक मला आधी मूळ गोष्टीत आलेला अडथळा वाटायचं. आता तसं वाटत नाही. तिचं धडावेगळं डोकं हवेत झेपावतं तेव्हा हसावं की दचकावं कळत नाही, आणि शेवटी मास्टर काउ तिला जाऊ देतात तेव्हा त्यांच्या कडकपणाखालचा माणूस दिसतो. काउंची भूमिका करणारे लाम चिंग-यिंग तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते. पांढरे कल्ले, जुळलेल्या भुवया आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता केलेला विनोद. ब्रूस लीच्या चित्रपटांत स्टंटकाम केलेला हा माणूस पीचच्या लाकडाची तलवार अशी पेलतो की मंत्रावरही विश्वास बसतो. १९९७मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी ते गेले. त्यांच्यानंतर पिवळा झगा पुष्कळांनी घातला, पण तो कोणाला शोभला नाही.

'स्पूकी काइंड'मध्ये मारामारी जास्त चांगली आहे, हे मत मात्र कायम. खानावळीत सॅमो हंगचा स्वतःचाच हात त्याच्या ताब्यात राहत नाही, तो प्रसंग कितीही वेळा बघितला तरी शरीरावरच्या हुकमतीने थक्क व्हायला होतं. पण नायक बायकोला बेदम मारतो तो शेवट किळसवाणा आहे. मी त्याआधीच डिस्क थांबवतो.

'मिस्टर व्हँपायर'च्या दुसऱ्या भागासाठी, म्हणजे १९८६च्या लहान मुलाच्या जिआंगशीसाठी, स्वतंत्र पैसे कोणी देऊ नयेत. संचात येतो म्हणून ठीक.

घ्यायचाच असेल तर विक्रेत्याकडून दुसऱ्या खेपेचा संच असल्याचं लेखी घ्या आणि परतीची मुदत संपायच्या आत घंटेचा प्रसंग मोनोवर ऐका. उडी पडताना खोलीतलं काही थरथरलं, तर त्याच दिवशी परत पाठवा. 'स्पूकी काइंड'च्या मोनोबद्दलही मी विचारणा केली आहे. उत्तर आलेलं नाही, आणि मी परत विचारणार आहे.