नऊ महिन्यांनी ओट्यावर काय उरलं, माळ्यावर काय गेलं

पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर मांडणाऱ्या एक-दोन माणसांसाठी घेतलेल्या सामानाचा हा नऊ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरचा हिशेब. दोन बर्नरची शेगडी, हातभर ओटा, सकाळी डबा, रात्री वरण-भात, पोळी-भाजी, रविवारी एखादं जास्तीचं काही, एवढाच व्याप. सामान भरपूर आलं, पण रोज हाताला लागतं ते फार थोडं. त्यातही शिकणाऱ्याचं खरं नशीब दोन वस्तूंवर ठरतं, कुकर आणि तवा. म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त.

कुकर तीन लिटरचा घ्यावा. 'पाहुणे आले तर?' म्हणून पाच लिटरचा गळ्यात मारला जातो, पण त्याला वाफ धरायलाच जास्त वेळ आणि जास्त गॅस लागतो, आणि दोन माणसांची डाळ त्याच्या तळाला पातळ थरासारखी पसरून बसते. तीन लिटरमध्येही बुटका आणि उंच असे दोन प्रकार येतात. आपल्याकडे कुकर 'लावायचा' म्हणजे वर-खाली डबे ठेवायचे, तेव्हा उंच घ्या. दुकानातच दोन्ही डबे आणि तळाची जाळी आत ठेवून झाकण लावून बघा. घरी आल्यावर वरचा डबा झाकणाला घासतो हे कळून उपयोग नाही. आयएसआयचा शिक्का (आयएस २३४७) पाहूनच घ्या. २०२१ पासून घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे, तरी शिक्का नसलेला माल अजून दिसतो.

ॲल्युमिनियम की स्टील? डब्यांत वरण-भात लावणार असाल तर ॲल्युमिनियम पुरे. ते हलकं असतं आणि आच सगळीकडे सारखी पसरते. कुकरमध्येच थेट टोमॅटोची भाजी, चिंचेची आमटी, सांबार करणार असाल तर स्टील घ्या, पण जाड बुडाचं. पातळ बुडाच्या स्टीलच्या कुकरात डाळ मधोमध गोल लागते आणि करपट वास सगळ्या आमटीला येतो.

नवशिक्याची मोठी गल्लत शिट्ट्या मोजण्यात होते. शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. आतला दाब शिट्टीच्या वजनापेक्षा वाढला की जादा वाफ बाहेर पडते, तो हा आवाज. आतलं पाणी तोवर १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास पोचलेलं असतं. आच मोठी ठेवली तर पाच शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ तशीच टचटचीत राहते. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्यावी, मग गॅस बारीक करून मिनिटं मोजावीत. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ खालच्या डब्यात, भात वरच्या डब्यात, आणि बारीक आचेवर ८ मिनिटं, की दोन्ही एकदम होतात. वाफ आपोआप जिरू द्यावी. रात्रभर भिजलेल्या छोल्यांना २० ते २५ मिनिटं लागतात. भाताला एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, डाळीला अडीच. कुकरच्या तळाला दोन बोटं पाणी, आणि त्यात चिंचेचं बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाची साल. नळाच्या जड पाण्याने ॲल्युमिनियम आतून काळं पडतं, ते त्याने टळतं.

नऊ महिन्यांत बिघडतं ते असं. शिट्टी होत नाही आणि वाफ कडेने फुसफुसत जाते, तेव्हा आधी रिंग काढून बघा. बहुतेकदा भाताचं एखादं शीत कडेला चिकटलेलं असतं. तसं नसेल तर रिंग सैल झालेली आहे. दहा मिनिटं थंड पाण्यात टाकली की तात्पुरतं भागतं, पण तेच दोन-तीनदा झालं तर नवी आणा. शिट्टीतून पिवळं पाणी उडून भिंत रंगते, कारण डाळ फेसाळते. डबा निम्म्याहून जास्त भरू नका, डाळीत अर्धा चमचा तेल घाला, वर ताटली ठेवा. डाळ थेट कुकरात शिजवत असाल तरी हाच निम्म्याचा नियम. आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर कुकरला नावं ठेवू नका, त्याने त्याचं काम केलं. एक तर पाणी संपलं होतं किंवा शिट्टीखालची नळी बुजली होती. रोज झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय ना एवढं बघितलं की पुरे. नवा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा बसवा. 'कुठलाही बसतो' म्हणणाऱ्या दुकानातून उठून यावं.

आता तवा. पहिल्या दिवशी सगळे नॉनस्टिक उचलतात. वाईट नाही तो, अंड्याला उत्तमच. पण रिकामा तापवायचा नाही, स्टीलचं उलथणं लावायचं नाही, आणि साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा थर बिघडायला लागतो. पोळी-भाकरीला तवा कोरडाच कडक तापवावा लागतो, म्हणजे जे करायचं नाही नेमकं तेच रोज करायचं. वर्षभरात थर उडून तो भंगारात जातो. लोखंडाचा तवा मात्र महिन्यागणिक सुधारत जातो.

बिडाचा तवा ओतीव असतो, जड असतो आणि धरलेली आच सोडत नाही. घावन, डोसा, थालीपीठ त्यावर करावं. पत्र्याचा लोखंडी, किंचित खोलगट तवा पोळी-भाकरीसाठी. तो लवकर तापतो आणि लवकर निवतो. एकच घ्यायचा असेल तर आधी पत्र्याचा, साधारण तीन मिलिमीटर जाड. पातळ असला तर मध्ये डाग पडतात आणि कडा कच्च्या राहतात. दोन्ही घेतलेत तर त्यांची कामं मिसळू नका. भाकरीच्या कोरड्या कडक आचेने घावनाच्या तव्यावरचा तेलाचा थर जळून जातो आणि दुसऱ्या दिवशी घावन हटून बसतं.

तवा मुरवायचा कसा, हे एकदा नीट समजून घ्या. नव्या तव्याला गंज लागू नये म्हणून कारखान्यातलं तेल किंवा मेण फासलेलं असतं. ते साबण आणि काथ्याने खसखसून घासून काढा, अगदी घासणी काळी यायची थांबेपर्यंत. लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. मग अर्धा चमचा तेल सगळीकडे चोळा, आणि कोरड्या फडक्याने असं पुसून काढा की तेल लावलंच नव्हतं. इथेच सगळे चुकतात. जाड तेल राहिलं तर तापून त्याचा चिकट, चिवट साका होतो, बोट लावलं की ओढल्यासारखं लागतं. पातळ थर मात्र धूर येईपर्यंत तापला की घट्ट होऊन लोखंडाला धरतो. पूर्ण निवू द्या आणि पुन्हा लावा. असं चार वेळा. खिडकी उघडी ठेवा, धूर बराच होतो.

तरीही पहिलं घावन बहुतेकदा तव्यालाच वाहावं लागतं. तवा पुरेसा तापला का, हे पाण्याच्या थेंबावरून कळतं. थेंब नुसताच बसून राहिला तर थंड आहे. गोळी होऊन तुरुतुरु पळाला तर फार तापला. चर्र करून एक-दोन सेकंदांत सुकला की अर्धा चिरलेला कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा, तव्यावर फिरवायचा आणि पीठ टाकायचं. कडा आपोआप सुटल्याशिवाय उलथणं घालू नका. घाई केली की फाटतं, आणि दोष तव्याला जातो.

भाकरीच्या तव्याला तेल नकोच. भाकरी टाकल्यावर वरच्या बाजूला ओल्या हाताने पाणी फिरवा आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटा. सुकू दिलं तर तडे जातात आणि मग ती फुगत नाही, कारण वाफ त्या तड्यांतूनच निघून जाते. वापर झाल्यावर तवा घासून लगेच आचेवर कोरडा करायचा. ओला तवा रात्रभर मोरीत राहिला की सकाळी तांबूस. घाबरू नका, गंज घासून पुन्हा एक थर द्या. टोमॅटो, कोकम असलं आंबट त्यावर शिजवू नका, थर उतरतो.

ज्यांच्याकडे गॅस नाही आणि इंडक्शन आहे त्यांनी खोलगट तव्याच्या नादी लागू नये, सपाट बूड लागतं. भांड्याला चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा. दोन हजार वॅटची शेगडी साडेआठ-नऊ अँपिअर ओढते, तिला १६ अँपिअरचा सॉकेट हवा. भाड्याच्या खोलीतल्या सहा अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून ती चालवली तर आधी प्लग तापतो, मग वितळतो.

मिक्सर ५०० वॅटचा पुरला. इडली-डोशाचं पीठ आठवड्याला वाटणार असाल तर ७५० चा घ्या. भांडी तीन येतात, पण खरं काम करतं ते सगळ्यात छोटं, चटणीचं. मूठभर कोथिंबीर, दोन मिरच्या, चार पाकळ्या लसूण मोठ्या भांड्यात पात्याखालीच फिरत राहतात. दाण्याचा कूट हीच मिक्सर समजल्याची परीक्षा. दाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा, पूर्ण गार करा, सालं काढा, भांडं निम्मंच भरा आणि दोन-दोन सेकंदांचे चार-पाच झटके द्या. मध्ये भांडं हलवून घ्या. सलग फिरवलात किंवा कोमट दाणे टाकलेत की तेल सुटून लगदा होतो, तो साबुदाण्याच्या खिचडीला चालत नाही. मिक्सर चालता चालता बंद पडला तर जळाला असं समजू नका. बुडाला लाल बटण असतं. भार कमी करून पाच मिनिटांनी ते दाबा. भांड्याखालून पाणी झिरपायला लागलं तर पात्याचा बुश झिजलाय. तो बदलून मिळतो, नवं भांडं घ्यायची गरज नाही.

सुरी एकच, सहा इंची, जरा जाड पाठीची. संच घेऊ नका. तीन महिन्यांनी टोमॅटोची साल कापायच्या ऐवजी दबायला लागते, म्हणजे धार गेली. चिनी मातीचा कप पालथा घाला. बुडाच्या कडेला झिलई नसलेली खरखरीत गोल पट्टी असते. तिच्यावर सुरी थोडी तिरकी धरून प्रत्येक बाजूने आठ-दहा वेळा ओढा. रोजच्यापुरतं काम होतं. पाट लाकडाचा किंवा प्लास्टिकचा हवा. काचेच्या पाटावर आठवड्यात धार जाते. पाटाखाली ओलं फडकं घातलं की तो सरकत नाही. नारळ मात्र सुरीने होत नाही, त्याला विळीच लागते.

कढई २२ सेंटीमीटरची, जाड बुडाची. फोडणीचं कढलं सपाट बुडाचं घ्या. गोल बुडाचं बर्नरच्या जाळीवर कलंडतं आणि त्यात कडकडीत तेल असतं. त्यात मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, मग गॅस बंद आणि शेवटी तिखट. तिखट आधी पडलं की काळं होतं आणि घरभर ठसका. सांडशी घेताना उघडून बघा, खिळा सैल नको. उकळत्या आमटीचं पातेलं तिच्याच भरवशावर उतरायचं असतं. मिसळणाच्या डब्यात मीठ ठेवू नका, दमट हवेत स्टीलला डाग पडून खड्डे होतात. मीठ बरणीत. हिंग त्याच्याच डबीत, नाहीतर महिन्याभरात हळदीलाही हिंगाचा वास. आणि उकळत्या भाजीवर डबा धरून मसाला घालायची सवय लागू देऊ नका, वाफेने तिखटाचे खडे होतात.

दूध तापवायचं पातेलं आधी पाण्याने विसळून तसंच ओलं घ्या, बुडाला कमी लागतं. एवढंच त्याचं.

पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि बोहरी आळीत एक चक्कर मारा. स्टीलची भांडी वजनावर मिळतात, त्यामुळे जाड-पातळ कळायला तराजूच उपयोगी पडतो. कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्याची पितळी-तांब्याची भांडी बघून मोह होईल. सध्या फोटोत सगळ्यांकडे तीच दिसतात. पहिल्या वर्षी नको. आतून कल्हई लागते, आणि कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं. फोडणीसाठी रिकामं भांडं तापत ठेवून विसरलात की कल्हई गेली, आणि कल्हई गेलेल्या पितळेत ताक-आमटी कळकते.

माळ्यावर गेलेल्या वस्तू अशा. दोरी ओढायचा चॉपर: कांद्याला पाणी सुटतं, फोडी लहान-मोठ्या होतात आणि दोरी अडकते. विजेचा रोटीमेकर: त्याला नेहमीपेक्षा सैल कणीक लागते, दाबून क्षणभर जास्त धरलं तर वाफेने रोटी फाटते, आणि निवल्यावर पापड. अंडी उकडायचं यंत्र: ते काम दुधाच्या पातेल्यात होतं. मापाच्या चमच्यांचा संच मात्र खाली उतरवला, त्याच्यासोबत एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटाही. घराघरात वाटीचा आकार वेगळा. आमची १५० मिलीची, तिच्यात तांदूळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतात. आईने फोनवर 'दोन वाट्या' सांगितलं, तर आधी तिच्या वाटीत तांदूळ किती ग्रॅम बसतात ते विचारून घ्या.