सात हजारांची मर्यादा : एका हौशी बुद्धिबळ लीगच्या रेटिंग-नियमाचे परीक्षण

हौशी बुद्धिबळ लीगमध्ये संघ उतरवायचा की नाही हे ठरवताना बहुतेक कर्णधार सामन्यांचे वार, डावासाठी मिळणारा वेळ आणि प्रवेशाची अखेरची तारीख एवढेच पाहतात. सामने चुरशीचे होणार की एकतर्फी, हे मात्र संघाच्या एकूण रेटिंगवर (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) घातलेल्या मर्यादेवर ठरते, आणि हा नियम माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकलेला असतो. आमचा संघ ज्या लीगमध्ये खेळतो तिथल्या या नियमाखाली एक पूर्ण मोसम काढल्यानंतर त्याचे गुणदोष इथे मांडत आहे.

नियम थोडक्यात असा आहे. प्रत्येक सामना चार पटांवर होतो आणि उतरलेल्या चौघांच्या फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंगची बेरीज ७००० पेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजेच सरासरी १७५० च्या आत राहिली पाहिजे. मोसम सुरू होतो त्या महिन्याच्या १ तारखेची यादी संपूर्ण मोसमासाठी ग्राह्य धरली जाते, खेळाडूंना रेटिंगच्या उतरत्या क्रमानेच पटांवर बसावे लागते आणि अनरेटेड, म्हणजे फिडेचे रेटिंग नसलेल्या, खेळाडूचे रेटिंग १००० मोजले जाते. यातले शेवटचे कलम लक्षात ठेवावे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

बेरजेवर मर्यादा घालण्याचा निर्णय मला मुळातच योग्य वाटतो. इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत २०५०, १८५०, १६५० असे गट असतात आणि तिथे मर्यादा प्रत्येक खेळाडूला स्वतंत्रपणे लागू होते. त्यामुळे समान ताकदीचे खेळाडू एकत्र येतात हे खरे, पण क्लबमधला सर्वांत अनुभवी खेळाडू नवख्यांच्या संघातून आपोआप बाद होतो. अमेरिकेतल्या हौशी संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत चौघांची सरासरी २२०० च्या आत ठेवायची असते, त्यामुळे तगडा खेळाडू आणि शिकाऊ एकाच संघात शेजारी शेजारी बसू शकतात. ज्या क्लबमध्ये मोजकेच लोक नियमित येतात आणि त्यांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्याला हीच पद्धत परवडते. आमच्या लीगने ती स्वीकारली, याचे श्रेय आयोजकांना दिलेच पाहिजे.

या पद्धतीवर नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा, की एखादा संघ पहिल्या पटावर मोठा खेळाडू आणून बसवतो आणि सामना मारून नेतो. आकडे मात्र याच्या नेमके उलट सांगतात. रेटिंग काढण्याच्या एलो पद्धतीत, विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा गुण धरून, रेटिंगमध्ये २०० गुणांनी वरचढ खेळाडूकडून एका डावात साधारण ०.७६ गुणाची अपेक्षा असते, ४०० गुणांच्या फरकाला ती ०.९१ होते आणि ६०० ला ०.९७. म्हणजे फरक कितीही वाढवला तरी एका पटावरून एकापेक्षा जास्त गुण मिळत नाही, पण त्या फरकाची किंमत उरलेल्या तिघांना मोजावी लागते. २३५०, १५५०, १५५०, १५५० असा संघ १७५० च्या चौघांसमोर बसवला, तर पहिल्या पटावर ०.९७ आणि उरलेल्या तिन्ही पटांवर प्रत्येकी ०.२४ धरून अपेक्षित बेरीज १.६९ होते. चारपैकी १.६९ म्हणजे सामना हरण्याचीच तयारी! ज्यांना अशा संघाची धास्ती वाटते त्यांनी तो बेलाशक समोर येऊ द्यावा.

खरी गळती दुसऱ्या टोकाला आहे. २०००, २०००, २००० आणि एक अनरेटेड, अशी रचना केली की बेरीज बरोबर ७००० भरते. वरच्या तीन पटांवर २५० गुणांची आघाडी असल्याने प्रत्येकी ०.८१ ची अपेक्षा निघते, चौथा पट जवळजवळ सोडून दिला तरी एकूण २.४४ गुण होतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला १.५६ येतात. शिवाय हा अनरेटेड खेळाडू खरोखरच १००० च्या ताकदीचा असेल असे नाही. वर्षानुवर्षे ऑनलाइन खेळून तयार झालेला, पण फिडेच्या स्पर्धेत कधीच न उतरलेला खेळाडू कागदावर १००० आणि पटावर १६०० असू शकतो. तसा एखादा हाती लागला की चौथा पटही सोडावा लागत नाही. या मोसमात वरच्या स्थानांवर राहिलेल्या संघांच्या याद्या पाहिल्या तर ही युक्ती कोणाकोणाला उमगली होती ते लगेच कळते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नियमाने दार उघडे ठेवले आणि ते आत आले.

हे दार उघडे कसे राहिले, तेही पाहण्यासारखे आहे. मार्च २०२४ मध्ये फिडेने रेटिंगची किमान पातळी १००० वरून १४०० वर नेली आणि २००० च्या खालच्या प्रत्येकाला, २००० पासूनच्या त्याच्या अंतराच्या ४० टक्के गुण एकरकमी वाढवून दिले. १६०० चा खेळाडू १७६० झाला, १८०० चा १८८०. लीगची जुनी मर्यादा ६४०० होती. सरासरी १६०० चा संघ या बदलानंतर ७०४० वर जातो, तेव्हा ती ७००० करणे अगदी रास्त होते आणि आयोजकांनी ते वेळेवर केले. पण त्याच दुरुस्तीत अनरेटेड खेळाडूचा आकडा जुनाच राहिला, त्यामुळे आज यादीतला सर्वांत तळाचा खेळाडू १४०० ला मोजला जातो आणि यादीत नसलेला त्याच्याहून ४०० ने स्वस्त पडतो. हा आकडा १४०० केला, तर वरच्या तिघांना १८६७ च्या सरासरीत बसावे लागेल आणि त्या रचनेची अपेक्षा २.४४ वरून २.१० वर येईल. एवढा किरकोळ फायदा हुशार कर्णधाराला मिळाला तर माझी हरकत नाही.

दुसरी तक्रार राखीव खेळाडूंविषयी आहे. आमचे ठरलेले चौघे २०१०, १८४०, १६५० आणि १४९० असे होते, बेरीज ६९९०. एका फेरीच्या दिवशी १६५० वाला तापाने आडवा झाला आणि त्याच्या जागी १६७० चा राखीव खेळाडू वेळेवर हजरही झाला, पण बेरीज ७०१० होताच नियमावर बोट ठेवून त्याला बसू दिले नाही. चौथ्या पटावरच्या खेळाडूला तिसऱ्या पटावर सरकवले, चौथा पट पुढे चाल देऊन सोडला आणि सामना दीड-अडीच असा गमावला. राखीव खेळाडू संपूर्ण वेळ भिंतीला टेकून इतरांचे डाव पाहत उभा होता. दहा गुणांच्या फरकाने निकालाची अपेक्षा किती बदलते, हे वरच्या आकड्यांवरून कोणीही ताडू शकेल. रिकाम्या खुर्चीसमोर घड्याळ चालू करून बसलेल्या प्रतिस्पर्ध्यालाही त्या गुणात काही गोडी नव्हती. राखीव खेळाडू उतरवताना ५० गुणांची सूट दिली तर समतोल बिघडणार नाही आणि लोक खेळायला येतात ते खेळून तरी जातील.

मोसमभर एकच यादी धरण्याबाबत मतभेद आहेत. फिडेची यादी दर महिन्याला बदलते आणि अठरा वर्षांखालील खेळाडूंचा के-गुणक, म्हणजे अपेक्षेहून जास्त किंवा कमी मिळालेल्या प्रत्येक गुणामागे रेटिंग कितीने बदलते तो आकडा, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, ४० असतो. एखाद्या स्पर्धेत अपेक्षा ४ गुणांची असताना मुलाने साडेसहा केले की त्याचे रेटिंग थेट १०० ने वाढते. साहजिकच मोसमाच्या उत्तरार्धात काही संघांच्या चौथ्या पटावरची मुले कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच पुढे गेलेली असतात. तरीही मी आहे त्या नियमाच्या बाजूने आहे. दर महिन्याला बेरीज पुन्हा करायची म्हटले तर मुलगा चांगला खेळला म्हणून त्यालाच संघाबाहेर बसवण्याची वेळ येईल, आणि क्लबच्या दृष्टीने त्याहून उलटा न्याय दुसरा नाही.

बाकी व्यवस्थेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण ती नीट चालते. याद्या फेरीपूर्वी सर्वांना पाहायला मिळतात, पटांचा क्रम काटेकोरपणे तपासला जातो आणि वादाचा निकाल त्याच दिवशी लागतो. मिश्र ताकदीच्या क्लबने या लीगमध्ये संघ जरूर उतरवावा. पाचपैकी साडेतीन तारे मी निःशंकपणे देतो. मात्र प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी कर्णधाराने आयोजकांकडून अनरेटेड खेळाडूचा यंदाचा आकडा लेखी घ्यावा, आणि तो अजूनही १००० च असेल तर राखीव खेळाडूंत किमान एकजण तसा ठेवावा, म्हणजे ऐनवेळी बेरजेपायी पट रिकामा ठेवावा लागणार नाही.