वडिलांचं एचएमटी जनता: आज हातावर कसं वाटतं, आणि सर्व्हिसला देताना काय सांभाळायचं

मागच्या झाकणावर ‘सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट’, खाली नाव आणि तारीख. असं एचएमटी घड्याळ अनेक मराठी घरांत कपाटाच्या लॉकरमध्ये बंद पडून असतं. ते चालू करून रोज वापरता येईल का? बहुतेक वेळा येतं, आणि छान चालतं. पण दुरुस्तीला दिलेलं घड्याळ तेच परत यायला हवं, आणि बहुतेकांची निराशा नेमकी तिथे होते.

आधी घड्याळाबद्दल. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला. ‘जनता’ हे त्यांचं सगळ्यांत साधं आणि टिकाऊ मॉडेल: किल्लीचं, १७ ज्वेलचं (म्हणजे चाकांच्या धुऱ्या झिजू नयेत म्हणून बसवलेले कठीण खडे), साधारण ३५ मिलिमीटरचं, १८ मिलिमीटरच्या पट्ट्याचं. तारीख नाही, वार नाही. आजच्या मानाने लहान, पण शर्टाच्या बाहीखाली अलगद बसतं. आतलं चक्र तासाला १८,००० वेळा झुलतं, म्हणजे सेकंदाला पाच टिकटिक. कानाशी धरलं की हा संथ, ठाशीव आवाज लगेच ओळखू येतो. देवनागरी आकड्यांची तबकडी असेल तर ते विशेष जपा.

रोज सकाळी ठरल्या वेळी किल्ली द्यावी, अडेपर्यंत. अडली की थांबावं, जोर करू नये. किल्ली बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदापर्यंत वेळ जुळवण्याचा हट्ट सोडावा. चांगली सर्व्हिस झालेलं जनता दिवसाला अर्धा मिनिट मागे-पुढे झालं तरी या वयाला ते उत्तमच. पाण्यापासून मात्र पूर्ण लांब ठेवायचं. हात धुताना, पावसात, घामाघूम होऊन काम करताना काढून ठेवायचं. ओल शिरते ती किल्लीच्या भोकातून, आणि सर्वांत आधी गंजतो तो किल्लीचा दांडा.

बंद पडलेल्या घड्याळाबद्दल घराघरांत एक आरोप असतो: ‘कुणीतरी जास्त किल्ली दिली.’ बिचाऱ्या मुलांवर हा आळ वर्षानुवर्षं राहतो. खरं तर स्प्रिंग पूर्ण भरलेली असून घड्याळ चालत नाही, कारण आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. किल्ली फिरतच राहिली, कुठे अडलीच नाही, तर बहुधा स्प्रिंग तुटलेली असते. एकाएकी तासाला काही मिनिटं पुढे पळू लागलं, तर बहुतेक वेळा केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने धरलेली असते. पर्सचं चुंबकी बटण, स्पीकर, मोबाईलचं चुंबकी कव्हर यांच्याजवळ ठेवल्याने असं होतं. चुंबक उतरवायचं यंत्र असलेल्या कारागिराला हे काम मिनिटाभराचं, त्यासाठी पूर्ण सर्व्हिसचे पैसे देऊ नयेत.

आता सर्व्हिस. हिच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एकीत यंत्र न खोलता अख्खंच पेट्रोलमध्ये बुडवतात, वाळवतात, तेलाचा थेंब सोडतात. घड्याळ लगेच चालू होतं आणि गिऱ्हाईक खूष होतं. पण ज्वेलच्या भोकांतली घाण तशीच राहते, तेल भलत्या जागी पसरतं, आणि काही महिन्यांत धुऱ्या झिजायला लागतात. खऱ्या सर्व्हिसमध्ये प्रत्येक चाक सुटं होतं, स्प्रिंग डब्यातून बाहेर निघते, सगळं धुऊन वाळवून परत बसतं. स्प्रिंग आणि किल्लीच्या भागाला जाड तेल किंवा ग्रीस, वेगाने फिरणाऱ्या चाकांना पातळ तेल. त्यानंतर टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, तपासणी. पूर्ण किल्ली दिल्यावर, तबकडी वर ठेवून अॅम्प्लिट्यूड (चक्र किती अंश झुलतं ते) २५०च्या आसपास आणि बीट एरर (दोन्हीकडच्या झोक्यांच्या वेळेतला फरक) १ मिलीसेकंदाच्या आत असेल तर समाधान मानावं. अॅम्प्लिट्यूड २००च्या खाली असेल तर काम नीट झालेलं नाही. असा कारागीर घड्याळ त्याच संध्याकाळी परत देत नाही, वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून दोन-तीन दिवस चालवून बघतो.

सुट्या भागांची अडचण तशी कमी. हे यंत्र प्रचंड संख्येने बनलं, त्यामुळे मोडीतल्या घड्याळांतून भाग मिळतात. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं, तरी जुने कारागीर याला हात लावायला कचरत नाहीत.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते ‘नव्यासारखं करून देतो’ या प्रेमळ वाक्याने. तबकडी पुन्हा रंगवली की मूळ अक्षरं जातात, ती कधीच परत येत नाहीत. ऑनलाइन विकायला येणारी भडक रंगांची ‘जुनी’ एचएमटी बहुतेक अशीच रंगवलेली असतात. झाकणाला बफ मारलं की कोरलेलं नाव पुसट होतं, दुसऱ्यांदा मारलं की गेलंच. वडिलांनी ज्या तबकडीकडे बघून आयुष्यभर बस पकडली, तिच्यावरचा पिवळेपणा घालवू नका. काच मात्र बिनदिक्कत बदला किंवा घासून घ्या. ती प्लास्टिकची असते, तिच्यावर चरे पडणारच.

म्हणून देण्याआधी तबकडी, झाकणाची बाहेरची बाजू आणि त्यावरचा नंबर यांचे फोटो काढा. कारागिरासमोर झाकण उघडून यंत्राचाही एक फोटो घ्या. पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: तबकडी आणि काटे बदलायचे नाहीत, पॉलिश करायचं नाही, काढलेले जुने भाग परत द्यायचे. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. टाळाटाळ झाली तर घड्याळ तिथे ठेवू नका.

जुना पट्टा घामाने कडक झाला असेल तर नवा लावा, पण जुना फेकू नका. त्याला पडलेलं भोक वडिलांच्या मनगटाच्या मापाचं आहे. पट्टा, मूळ डबी, गॅरंटी कार्ड मिळालं तर तेही, सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात एकत्र ठेवा. सोबत एका कार्डावर लिहा: कुणाला मिळालं, कुणी दिलं, कोणत्या साली, किती वर्षं कुठे नोकरी होती, शेवटची सर्व्हिस कधी झाली. पेन्सिलने लिहा, शाई ओल लागली की पसरते. हे सांगू शकणारी काकू किंवा आत्या अजून आहे, तोवर विचारून घ्या.