सात महिने स्टेलारिस: चाच्यांचे पोट कशावर चालते?

गेल्या नोव्हेंबरपासून मी स्टेलारिस हा अंतराळात साम्राज्य उभारण्याचा खेळ खेळत आहे. इंदिरानगरच्या घरी रात्रीची जेवणे उरकली की दीड-दोन तास, आणि द्राक्षांच्या हंगामात मामांच्या ट्रान्सपोर्ट कार्यालयातील हिशेब अंगावर आले की आठवडाभर अजिबात नाही, असा माझा क्रम आहे. खेळाच्या चित्रांबद्दल आणि संगीताबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते त्यातील चाच्यांविषयी, कारण सात महिन्यांत सर्वांत जास्त खटकलेली आणि तरीही सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट तीच आहे.

खेळ २०१६ साली आला. डिसेंबर २०१८ मधील २.२ या आवृत्तीने त्यात व्यापारमार्ग आणले आणि मे २०२५ मधील ४.० या आवृत्तीने ते काढून टाकले. मार्गांबरोबर त्यांवरील चाचेही गेले. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात जुनी आवृत्ती निवडता येते, म्हणून पहिले चार महिने मी मुद्दाम ३.१४ वर खेळलो. तेथे ग्रहांवरचा व्यापार अवकाशतळांवर गोळा होऊन ठरलेल्या मार्गाने राजधानीकडे जातो. मार्ग जितका लांब आणि माल जितका जास्त, तितकी वाटेत चाचेगिरी साचत जाते. तळांवरच्या तोफा आणि गस्तीची जहाजे ती दाबून ठेवतात, आणि दुर्लक्ष झाले तर एके दिवशी चाच्यांचा ताफाच समोर उभा राहतो. पावसाळ्यात भिंतीला बुरशी यावी तसा हा प्रकार आहे. चाच्यांनी पळवलेला माल जातो कोठे, तो विकत कोण घेतो, त्यांच्या जहाजांना इंधन कोण देते, याचा खेळात कोठेही पत्ता नाही. पुढे गेटवे, म्हणजे दूरच्या दोन ठिकाणांना थेट जोडणारी दारे, बांधले की माल मधल्या ताऱ्यांपाशून जातच नाही आणि चाचे आपोआप संपतात. त्यांच्याशी लढावे लागत नाही, बोलणी करावी लागत नाहीत, फक्त बांधकाम करावे लागते.

याबद्दल मामांशी बोललो तेव्हा त्यांनी खेळाकडे न पाहताच चूक दाखवली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कसारा घाटात कांद्याच्या गाडीला कोणी हात लावत नाही. भिवंडीच्या गोदामातून महागडे खोके भरून रात्री घाट चढणारी गाडी मात्र वेग मंदावला की ताडपत्री कापून हलकी केली जाते. चोराला गाडीत काय आहे हे आधी कळलेले असते आणि माल घेणारा आधी ठरलेला असतो. ‘घेणारा पकडा, चोर आपोआप बसतो,’ हे त्यांचे वाक्य मला कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा उपयोगी वाटले. चाच्यांकडे खबर, अड्डा आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टी असायला हव्यात आणि खेळाडूला त्या तिन्ही शोधून तोडता यायला हव्यात.

स्टेलारिसला हे अगदीच सुचलेले नाही असे म्हणता येणार नाही. त्यातील लुटारू टोळ्यांना पैसे देऊन दुसऱ्या साम्राज्यावर सोडता येते, त्यांचे ताफे भाड्याने घेता येतात, आणि डावाच्या मध्यावर त्यांच्यातून एखादा खान उठून शेजाऱ्यांची झोप उडवतो. माझ्या सर्वांत रंगलेल्या डावात अशा टोळीला मी तीनदा पैसे दिले आणि चौथ्यांदा तीच माझ्या दारात आली. सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर या २००८ च्या खेळाने ही कल्पना अधिक धारदार केली होती: खेळाडू एकमेकांच्या डोक्यावर इनाम लावतात आणि ज्याच्यावर सर्वाधिक इनाम असेल त्याच्यावर चाचे चालून जातात. तेथे चाचा हा राजकारणाचा भाग होतो.

आपल्याकडच्या वाचकाला तर हे समजावून सांगावे लागू नये. कान्होजी आंग्रे यांना इंग्रज चाचा म्हणत. मराठ्यांच्या लेखी ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, आणि त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना घेतलेले जहाज निर्धास्त जाई. म्हणजे चाचा आणि जकातदार यांतला फरक कोणत्या बाजूने पाहावे यावर ठरत होता. पुढे १७५६ साली त्यांचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग पडला, तो इंग्रज आणि पेशवे एकत्र आल्यावर. एखाद्या खेळात मला असा डाव हवा आहे: सीमेवरचा सरदार माझ्या आशीर्वादाने शेजाऱ्याची जहाजे अडवतो, त्याचा हिस्सा खजिन्यात येतो, तो डोईजड होतो, आणि मग त्याच शेजाऱ्याशी हातमिळवणी करून त्याला बुडवायचे की नाही हे मला ठरवावे लागते.

गेले तीन महिने ४.० नंतरच्या आवृत्तीवर आहे. हिशेब सोपा झाला, हे मान्य. व्यापार आता इतर संसाधनांसारखा थेट खात्यात जमा होतो. तळ सोडून बाहेर पडलेल्या ताफ्यांच्या रसदीसाठीही तो खर्ची पडतो. आणि ही रसदच वाटेत लुटता आली असती, तर चाच्यांना परत आणण्याची याहून चांगली जागा नव्हती. सध्या माझा ताफा आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याच्या मागे रिकामे, सुरक्षित अंतर असते, आणि मी तेथे एकही जहाज ठेवत नाही.

खेळ घ्यावा का, असे कोणी विचारले तर घ्यावा असेच सांगेन. चाच्यांसाठी घेणार असाल, तर ३.१४ निवडून लुटारू टोळ्यांच्या शेजारी डाव मांडा आणि गेटवे शक्य तितके उशिरा बांधा.