काळी दारू की धूरविरहित दारू?
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घरी खंडेनवमीला जुने पिस्तूल पूजेसाठी काढले जाते, तेव्हा काडतुसात कोणती दारू बरी, हा वाद हमखास रंगतो. साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक यांची काळी दारू जळताना निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे ठेवते. तो थर हवेतील ओल शोषून लोखंड खातो, म्हणून बार काढल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी लागते. फ्रान्समध्ये १८८४ मध्ये रसायनज्ञ पॉल व्हिएय यांनी सिद्ध केलेली नायट्रोसेल्युलोजची (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या तंतूंची) धूरविरहित दारू धूर व काजळी फारशी करीत नाही आणि थोड्या मापात अधिक जोर देते. मात्र ती काडतुसाच्या पुंगळीचा (धातूच्या नळकांड्याचा) थोडाच भाग व्यापत असल्याने चुकून दुप्पट भरली गेली तरी डोळ्यांना कळत नाही, आणि काळ्या दारूच्या मापाने भरल्यास हत्यारच फुटते. १८७३ च्या पॉइंट ४५ कोल्ट या अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची ऐसपैस पुंगळी काळ्या दारूसाठीच घडवलेली होती. जुन्या, नरम पोलादाच्या हत्याराला माझ्या मते काळी दारूच साजते. अर्थात आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे भरणे हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे आमच्या पिस्तुलाच्या वाट्याला हळदकुंकूच येते.