परीक्षेची धास्ती: मुलाला शांत करायचं की घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवायचं?

परीक्षा जवळ आली, झोप उडाली, 'मला काहीच येत नाही' हे पालुपद सुरू झालं, की आईबापांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे मन शांत करण्याची: श्वासाचे व्यायाम, ध्यान, झोपण्याआधी थोडं स्वस्थ बसणं. दुसरी म्हणजे परीक्षा घरातच आणायची: पुस्तक मिटायचं, घड्याळ लावायचं आणि पेपर सोडवायचा. दोन्ही झालं तर उत्तमच. पण त्या दिवसांत वेळही कमी असतो आणि मुलांचा धीरही, त्यामुळे भर कशावर द्यायचा हे ठरवावंच लागतं. आम्ही लेकीसाठी दोन्ही करून पाहिलं.

श्वासाच्या व्यायामाचं मोल मला मान्य आहे. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके खरंच मंदावतात. व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं ते काम आहे. रात्री दिवा मालवल्यावर छातीत धडधडायला लागतं, तेव्हा त्याला तोड नाही. साहित्य लागत नाही, अभ्यासाचा वेळ जात नाही आणि लहान मुलालाही जमतं.

तरी दिवसाच्या वेळी आमचं घोडं एकाच गोष्टीपाशी अडायचं. लेक डोळे मिटून बसायची, पण तिचं सगळं लक्ष 'मी शांत झाले का?' याकडे. धडधड थांबली नाही की 'मला हेसुद्धा जमत नाही' ही आणखी एक काळजी. त्यात समोर आम्ही, तिच्या चेहऱ्यावर काही फरक दिसतोय का ते बघत. विषयांच्या यादीत एकाची भर पडल्यासारखं झालं, आणि या विषयाचा अभ्यास कसा करायचा हे कुणालाच सांगता येईना. 'आधी श्वास घे बघू' या शब्दांनी ती चिडायला लागली, तेव्हाच माझं मन दुसरीकडे वळलं. सगळ्याच मुलांचं असं होत असेल असं नाही. पण जी मुलं स्वतःला सारखी तपासत राहतात, त्यांच्या बाबतीत हे जरूर बघा.

शिवाय पूर्ण शांत होणं हे ध्येय असावं का, याचीही मला शंका आहे. यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 साली उंदरांवर केलेले प्रयोग मानसशास्त्रात आजही सांगितले जातात: उत्तेजना अगदी कमी असली तरी काम बिघडतं आणि फार झाली तरी बिघडतं, आणि काम जितकं अवघड तितकी ती लवकर जड होते. म्हणजे परीक्षेच्या सकाळी थोडी धाकधूक असायलाच हवी. ती असूनही हात चालत राहिला पाहिजे, आणि हात चालतो तो सवयीने.

इथे घड्याळ लावून सोडवलेला पेपर मला उजवा वाटतो. धडा पुन्हापुन्हा वाचला की तो येतो असं वाटतं, पण तो भास फार टिकत नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा स्वतः आठवून लिहिणारे पुढे गेले. टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये याला ताणाची जोड दिली. मुद्दाम ताण दिल्यावर नुसतं वाचलेल्यांची आठवण ढासळली, आठवून सराव केलेल्यांची मात्र टिकून राहिली. ऐनवेळी डोकं कोरं पडण्याची भीती वाटणाऱ्या मुलासाठी यापेक्षा कामाची गोष्ट मला तरी माहीत नाही.

घरात दिसलेला बदल याहून साधा होता. 'मला काहीच येत नाही' याचं हळूहळू 'मला आलेख काढायला वेळ लागतो' असं झालं. पहिल्या वाक्यापुढे आईबाप हतबल असतात. दुसऱ्यावर संध्याकाळी बसून काम करता येतं. भीतीला नाव मिळालं, प्रकरण मिळालं, पान क्रमांक मिळाला. अवघड प्रश्न सोडून पुढे जायचं आणि मग परत यायचं, हेही सांगून कळत नाही, ते हाताला लागावं लागतं.

मात्र हा उपाय चुकीच्या हातात उलटतो. पेपर झाल्यावर 'किती पडले?' हा प्रश्न घरात कुणीही विचारू नये. तपासणी मुलानेच करावी आणि चुकांचे तीनच गट करावेत: माहीत नव्हतं, माहीत होतं पण वेळ पुरला नाही, घाईत चुकलं. फार घाबरणाऱ्या मुलाला एकदम तीन तासांना बसवू नका. पाच प्रश्न आणि वीस मिनिटं इथून सुरुवात करा. आणि पेपरासाठी झोप मोडू नका. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात.

परीक्षेच्या दिवशी सकाळी काय, असं कुणी विचारलं तर मी तिसरंच सुचवेन. रामिरेझ आणि बायलॉक यांनी 2011 मध्ये दाखवलं होतं, की परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली तर फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारतात. काळजीने अडवलेली मनातली जागा मोकळी होते, असा त्यांचा कयास. मला आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी: तो कागद कुणी वाचत नाही, आणि आपण शांत झालो का हेही कुणी बघत नाही.

अभ्यास चोख झालेला आहे आणि तरी झोप लागत नाही, अशा मुलाला मात्र आणखी पेपर देऊ नका; तिथे श्वासाचाच उपाय बरा. आणि सतत उलट्या होणं, जेवण तुटणं, जगणं नकोसं झाल्याचं बोलणं यांतलं काही दिसलं, तर दोन्ही बाजूला ठेवून लगेच डॉक्टर किंवा समुपदेशकांकडे जा.

बाकी घरांत, परीक्षेला आठवडाच उरला असेल तरी, मी आजच छोटा पेपर लावेन. मुलाला सर्वांत सोपा वाटणारा विषय आधी घ्यावा.