ऑटिझम, पोट आणि वागणं: व्यायाम, प्रोबायोटिक की पथ्य?

पोट बिघडलं की ऑटिझम असलेल्या मुलाचं वागणंही बिघडतं, हे अनेक पालकांनी पाहिलेलं असतं. अडतं ते सुरुवात कशापासून करायची यावर.

माझा कौल व्यायामाला. इराणमधल्या संशोधकांच्या २०१२ च्या एका छोट्या अभ्यासात मुलांनी १४ आठवडे कराटेतल्या ‘काता’चा, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा, सराव केला. हात फडफडवणं, झुलणं अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचाली त्यानंतर बऱ्याच कमी झाल्या. यात आतड्यांचा हात किती? बैठ्या प्रौढांनी ६ आठवडे व्यायाम केला तेव्हा त्यांच्या पोटात ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू वाढले आणि व्यायाम सुटताच ओसरले. ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं, दाहही कमी होतो. पण या मुलांचं वागणं सुधारतं ते याच वाटेने, असं सिद्ध झालेलं नाही. नसेना का! झोप आणि शौच सुधारायला व्यायामाचा उपयोग होतोच.

प्रोबायोटिकचं, म्हणजे उपयोगी जिवाणू असलेल्या गोळ्या-पावडरींचं, तसं नाही. तिथे सगळी भिस्त आतड्यातल्या जिवाणूंमुळे वागणं बदलतं या सिद्धांतावर, आणि चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एका जिवाणूचा गुण दुसऱ्याच्या डबीत मिळेलच असंही नाही. ‘९० टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात बनतं’ हे वाक्य विक्रेत्यांचं लाडकं. खरं आहे ते, पण हे सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही.

पथ्य म्हणून ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) आणि केसीन (दुधातलं प्रथिन) बंद करण्याबाबत मी सर्वांत साशंक आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांच्या अभ्यासातून पोटामुळे ऑटिझम नव्हे, तर उलटाच क्रम पुढे आला: ऑटिझममुळे मूल मोजकंच खातं आणि म्हणून जिवाणूंची विविधता घटते. चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले दोन काढून घेतले, तर कॅल्शियम आणि प्रथिनं आणायची कुठून? सिलिअॅक (ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) किंवा अॅलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आहारतज्ज्ञ सोबत हवा.

बद्धकोष्ठता असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. बोलू न शकणारं मूल दुखणं वागण्यातूनच सांगतं.

व्यायाम निवडताना गोंगाट आणि गर्दी टाळा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने होणारा पोहणं किंवा सायकलसारखा प्रकार बरा. त्याच महिन्यात प्रोबायोटिक सुरू करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. शौच, झोप आणि चिडचिड यांची रोज एका ओळीत नोंद ठेवली तरी पुरते.